डॉक्टर गाडीत, रेडिओवर की कागदावर?

१९६६ मध्ये बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधून हृदयरोगतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज यांनी हृदयविकाराच्या रुग्णाकडे रुग्णवाहिकेतून डॉक्टरच पाठवायला सुरुवात केली. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा त्यांचा डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारं यंत्र) सुमारे ७० किलोंचा होता. ही कल्पना अमेरिकेत गेली, पण प्रत्येक गाडीवर बसवायला तिथे डॉक्टर कुठून आणायचे? मायामीत डॉ. यूजीन नेगल यांनी ईसीजी रेडिओवरून रुग्णालयात पाठवून दाखवला. कॅलिफोर्नियात १९७० च्या वेडवर्थ-टाउनसेंड कायद्याने पॅरामेडिकना (रुग्णवाहिकेवरच्या प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्यांना) इंजेक्शन द्यायची मुभा मिळाली, तीही डॉक्टर किंवा नर्सचा आदेश घेऊनच. पुढे नेहमीच्या प्रसंगांसाठी लेखी आदेश आले आणि दर वेळी विचारण्याची गरज उरली नाही. पिट्सबर्गच्या फ्रीडम हाउस सेवेत मात्र डॉ. नॅन्सी कॅरोलाइन स्वतः गाडीवर जाऊन शिकवत. हीच रीत सर्वांत फलदायी, आणि तीच सर्वांत कमी उचलली गेली.

भारतात हैदराबादला २००५ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेने गाडीत तंत्रज्ञ आणि फोनवर डॉक्टर ठेवला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये वेगळी वाट धरली: ९३७ गाड्या (२३३ प्रगत, ७०४ प्राथमिक) आणि गाडीवर डॉक्टर, बहुतेक बीएएमएस (आयुर्वेद) किंवा तत्सम पदवीधर. त्यामुळे आपल्याकडे ताण डॉक्टर-पॅरामेडिकपेक्षा वेगवेगळ्या पदव्यांच्या डॉक्टरांमध्ये जास्त. तातडीच्या उपचारांच्या पदव्युत्तर पदवीला, एमडी इमर्जन्सी मेडिसिनला, मान्यता २००९ ची. अनेक ठिकाणी कॅज्युअल्टीत (रुग्णालयाच्या अपघात विभागात) रुग्ण घेतो तो इंटर्न किंवा सीएमओ (तिथला ड्युटीवरचा डॉक्टर).

माहितीची खरी गळती होते ती गाडीवरून रुग्णालयात रुग्ण सोपवताना. स्ट्रेचरवरून हलवता हलवता सांगितलेलं कुणाच्या कानात शिरत नाही. हृदय चालू आणि श्वास मोकळा असेल, तर हात थांबवून अर्धा-पाऊण मिनिट ऐकावं: वय, घटनेची वेळ, कशामुळे, कुठे इजा, नाडी-बीपी-शुद्ध, काय दिलं आणि किती वाजता. वेळ सुटली की उपचारच अडतो. अपघातातल्या रक्तस्रावात ट्रॅनेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) ३ तासांच्या आत द्यायचं असतं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांपर्यंत, आणि तेही रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजून. ही वेळ सांगणारी शेजारीण अनेकदा घरीच राहिलेली असते. तिचा मोबाइल नंबर गाडीतच केसपेपरवर लिहिलेला हवा.

उलट दिशेने, रुग्णालयाकडून गाडीवरच्यांकडे, तर बहुधा काहीच जात नाही. गाडीने पक्षाघात म्हणून आणलेल्या रुग्णाची साखर फक्त उतरली होती, हे वॉर्डात कळतं, गाडीवरच्यांना नाही. म्हणून पुढच्या वेळीही साखर मोजणारा ग्लुकोमीटर पेटीतच राहतो.