हृदयविकारासाठी तज्ज्ञाची निवड

हृदयाचा कोणता भाग बिघडला आहे, त्यावर कोणत्या डॉक्टरांकडे जायचे हे ठरते. चालताना धाप, धडधड किंवा पायांवर सूज असेल, तर आधी एम.डी. मेडिसिन झालेल्या फिजिशियनना दाखवावे. ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्ततपासणीतून दिशा कळते. कित्येकदा मूळ रक्तक्षयात किंवा थायरॉइडमध्ये सापडते.

पुढची पायरी हृदयरोगतज्ज्ञाची. भारतात एम.डी.नंतर तीन वर्षांची डी.एम. किंवा समकक्ष डीआरएनबी ही त्यांची पदवी. हृदयरोगातील पदविका त्या तोडीची नव्हे. अतिरिक्त पदवीची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येते. अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांची चित्रफीत काढणारी तपासणी) आणि अँजिओप्लास्टी (अरुंद धमनी फुग्याने रुंद करून बहुधा स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवणे) हेच डॉक्टर करतात. बायपास, म्हणजे अडथळ्याला वळसा देणारी शस्त्रक्रिया, करणारे हृदयशल्यविशारद वेगळे, त्यांची पदवी एम.सीएच.

सर्वाधिक घोळ स्टेंट की बायपास हे ठरवताना होतो. अँजिओग्राफी चालू असतानाच नातेवाइकांना स्टेंटबद्दल विचारले जाते. झटका आलेला नसेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर लगेच होकार देण्याची गरज नसते. डाव्या मुख्य धमनीत अडथळा असेल, किंवा मधुमेह असून तिन्ही धमन्या अरुंद झाल्या असतील, तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन शल्यविशारदांचेही मत घ्यावेच. अशा मधुमेही रुग्णांना बायपासचा फायदा सहसा जास्त काळ टिकतो. अहवालाचा कागद पुरत नाही, चित्रफीतच लागते.

ठोके अनियमित असतील तर इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा तज्ज्ञ, हवा. धडधड चालू असतानाचा ईसीजी त्यांना सर्वांत उपयोगी. चोवीस तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारे यंत्र) ती धडधड सापडेलच असे नाही. दूध पिताना घामाघूम होणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या बाळाला बालहृदयरोगतज्ज्ञाकडे न्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून 18 वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढील उपचारांची सोय होते. जन्मजात दोषाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मोठेपणीही त्याच विषयातील तज्ज्ञाकडे जात राहावे. बरे वाटते म्हणून तपासण्या सोडल्याने झडपांची गळती उशिरा लक्षात येते.

छातीत अचानक दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर तज्ज्ञ शोधत बसू नये. 108 वर फोन करावा आणि चोवीस तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) चालू असलेले रुग्णालय गाठावे. मोठ्या झटक्यात अँजिओप्लास्टी दोन तासांत होणे शक्य नसेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन मगच पुढे जाणे हिताचे. मात्र पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे.