स्टॅटिस्टिकल कॉम्प्रेशनची मुक्त सॉफ्टवेअर्स

फाईल छोटी करायची एक जुनी युक्ती, स्टॅटिस्टिकल कॉम्प्रेशन, अशी की कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते मोजायचं, सारखं येतं त्याला आखूड कोड आणि क्वचित येतं त्याला लांब. हफमनचं १९५२ चं कोडिंग हेच करतं, साध्या झिपच्या पोटातही ते असतं. पुढे अरिथमेटिक कोडिंग आलं, म्हणजे चिन्हागणिक वेगळा कोड न देता अख्ख्या मजकुराचा मिळून एकच आकडा करायचा, मग १९८४ मध्ये क्लिअरी आणि विटन यांचं पीपीएम, म्हणजे आधीची दोन-चार चिन्हं बघून पुढे काय येणार याचा अंदाज बांधायचा.

मराठीवर हे मस्त चालतं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात बाइट करून ठेवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे 'इंदूर' लिहिलं की इ, अनुस्वार, द, दुसरा उकार, र अशी पाच चिन्हं, १५ बाइट झाले, पण त्यात प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट पाचही वेळा ई० (E0, बाइट असे सोळाच्या पटीतल्या आकड्यांत लिहितात), दुसरा चारदा ए४ (A4) आणि फक्त उकारापाशी ए५ (A5). गंमत बघा, पहिली वेलांटी ए४ च्या घरात आणि दुसरी ए५ च्या! मॉडेलला, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या भागाला, हे लगेच कळतं, मग त्या पहिल्या बाइटवर जागा जवळजवळ खर्चच होत नाही.

सॉफ्टवेअर शोधायला फार फिरावं लागत नाही. लिनक्स असेल तर पॅकेज मॅनेजरमध्येच बीझिप२ (bzip2), झेडस्टँडर्ड (zstd), झेडपॅक (zpaq) मिळतात. विंडोजवाल्यांनी सेव्हन-झिप घ्यावं, त्यात सेव्हन-झेड फॉरमॅट ठेवून मेथडच्या जागी पीपीएमडी निवडायचं, नुसत्या मजकुराला माझ्या मते हेच बरं. हा पीपीएमडी म्हणजे पीपीएमचाच एक प्रकार, दिमित्री श्कारिनचा, पब्लिक डोमेनमध्ये दिलेला, म्हणजे त्यावर कुणाचा हक्क नाही. आतून शिकायचं असेल तर विटन, नील आणि क्लिअरी यांचा १९८७ चा लेख, त्यात अरिथमेटिक कोडिंगचा सी मधला कोडच छापलाय.

फुकट आणि मुक्त (म्हणजे वापरायची, बदलायची परवानगी दिलेलं) यात मात्र गल्लत करू नये. कोड नेटवर दिसतोय पण लायसन्सची फाईल नाही, तर तो वाचायला ठीक, आपल्या प्रोग्रॅममध्ये घालायला नाही. पेटंटचाही त्रास होता, पहिल्या बीझिपमध्ये अरिथमेटिक कोडिंग होतं, ते पेटंटपायी सोडून बीझिप२ हफमनवर आलं. ते जुने पेटंट आता संपलेत.

मॅट महोनीचं पॅक (PAQ, २००२ पासून, जीपीएल या मुक्त लायसन्सखाली) फाईल जबरदस्त आवळतं, पण उघडायलाही बांधण्याइतकाच वेळ आणि रॅम खातं. शिवाय एका व्हर्जनचं आर्काइव्ह दुसऱ्यात उघडत नाही. आमच्या इंदूरच्या गणेश मंडळाचे जुने अहवाल मी हौसेनं त्यात बांधले आणि जेल रोडवरून आणलेल्या पेन ड्राइव्हवर टाकले, प्रोग्रॅम ठेवला नाही, मग दोन वर्षांनी कोणतं व्हर्जन होतं तेच आठवेना, एक एक उतरवून लावून बघत अख्खा रविवार गेला. २००९ च्या झेडपॅकमध्ये ही भानगड नाही, उघडायची रीत आर्काइव्हच्या आतच लिहिलेली असते.