हमाल, सराफ आणि हद्दाद

हमाल, दलाल, सराफ, अत्तार, हज्जाम. हे पाचही शब्द मूळचे अरबी, आणि पाचही एकाच साच्यातून निघालेले.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. ख, ब, झ ही तीन घ्या. 'खुब्झ' म्हणजे भाकरी. मधलं व्यंजन दुप्पट केलं, पुढे लांब 'आ' जोडला, की झाला 'खब्बाझ', भाकऱ्या भाजून पोट भरणारा. 'खैत' म्हणजे दोरा, 'खय्यात' शिंपी. 'हदीद' लोखंड, 'हद्दाद' लोहार. त्या द्वित्तात, म्हणजे दुप्पट झालेल्या व्यंजनात, पुन्हा पुन्हा करण्याचा अर्थ भरलेला आहे. एखादं पोतं उचललं म्हणून कोणी 'हम्माल' ठरत नाही.

जुन्या अरबी नावात बापाचं, मुलाचं, गावाचं नाव यायचं, तसा धंदाही. पुढच्या पिढीने धंदा सोडला तरी नाव सुटत नसे. निशापूरचा उमर खय्याम (मृत्यू ११३१) घन समीकरणं सोडवायचा. 'खय्याम' म्हणजे तंबू शिवणारा, ते काम बहुधा वाडवडिलांचं. अठराव्या शतकातला अक्का शहराचा (आजच्या इस्रायलमधलं बंदर) उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की, सुभेदार अहमद पाशा 'अल-जझ्झार', म्हणजे खाटीक. त्याचं मटणाचं दुकान नव्हतं. माणसं कापली म्हणून हे नाव!

अशी नावं पक्की आडनावं झाली ती बरीचशी सरकारी दप्तरांमुळे. अल्जीरियात फ्रेंचांनी १८८२ च्या कायद्याने आडनाव सक्तीचं केलं. स्थलांतरितांबरोबर नावं समुद्रापारही गेली. लेबनॉनहून ब्राझीलला गेलेल्या कुटुंबातला फर्नांडो हद्दाद साओ पाउलोचा महापौर आणि २०२३ मध्ये देशाचा अर्थमंत्री झाला. तिथल्या उच्चारात सुरुवातीचा 'ह' गळतो आणि द्वित्तही.

आपल्याकडे हे शब्द फारसीचं बोट धरून आले, आणि द्वित्त इथेही झिजलं: हम्मालचा हमाल, दल्लालचा दलाल, सर्राफचा सराफ. अत्तार आणि हज्जाम मात्र आपण अजून जोर देऊनच म्हणतो. सराफ, दलाल, अत्तार ही तर आपल्याकडची आडनावंही.

हज्जामचा अर्थ मात्र वाटेत सरकला. अरबीत तो तुंबडी लावून रक्त काढणारा. पण हे काम न्हावीच करायचा, त्यामुळे मराठीत हज्जामाच्या हाती वस्तरा राहिला. तुंबडी सापडते ती म्हणीत: रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.