वणवा लावला की गवत जोमाने येतं? खुलासा

नाशिक जिल्ह्यातल्या अंजनेरी, ब्रह्मगिरी, पेठ-हरसूलच्या डोंगरांवर फेब्रुवारी ते मे वणवे लागतात. ‘डोंगर जाळला की पुढचं गवत दाट येतं’ हा समज त्यामागे बऱ्याचदा असतो.

जळालेल्या जागी गवत हिरवंगार दिसतं, हे खरं. जुनं वाळकं गवत नसल्याने कोवळे कोंब नजरेत भरतात, एवढंच. जाळात बराचसा नत्र धुरावाटे उडून जातो. राखेतलं पालाश उरतं, पण उघड्या उतारावरून पहिल्या जोरदार पावसात तेही मातीसकट ओहोळात जातं. वर्षानुवर्षे जाळलं तर झाडांची रोपं मरतात आणि आग सोसणारं कुसळी गवत माजतं. कुसळं धरल्यावर कुसळीला जनावर तोंड लावत नाही. चारा हवा तर ती फुलोऱ्याआधीच कापावी.

‘फांद्या घासून आग लागते’ ही तर सोयीची पळवाट. निरभ्र आकाशाखाली लागलेला वणवा बहुधा माणसाचाच: विडी, चूल, सुटलेला राब (रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा पसरून केलेली भाजणी).

राब भाजताना भोवतीची पट्टी मातीपर्यंत साफ करा. वारा पडलेला असताना, उताराच्या वरच्या कडेने पेटवा. आग चढावर झपाट्याने धावते, खाली सावकाश उतरते. राख थंड होईपर्यंत जागा सोडू नका.

राखीव वनात आग लावणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर तिथले चराईचे हक्कही शासन स्थगित करू शकतं. वणवा दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवा.