फ्लॅश म्हणजे छोटी हार्ड डिस्क नव्हे

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाने अमेरिकेतल्या सुमारे १,३५,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मोटर ठणठणीत, ब्रेक ठणठणीत. बंद पडत होता तो समोरचा टचस्क्रीन, आणि त्याच्याबरोबर गाडी मागे घेताना दिसणारं कॅमेऱ्याचं चित्र. दोष ८ जीबीच्या एका फ्लॅश चिपचा. गाडीतलं सॉफ्टवेअर तिच्यावर रोज लिहायचं, पुसायचं, आणि पाच-सहा वर्षांत तिला झेपणारे पुसण्या-लिहिण्याचे ३,००० फेरे भरले.

ही बातमी सांगितली की हमखास एक प्रश्न येतो: चिपमध्ये फिरणारं काहीच नाही, मग झिजतं काय?

झिजतो तो एक पडदा. फ्लॅशच्या प्रत्येक पेशीत चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेलं एक कप्पेवजा फाटक असतं. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की बिट ० वाचला जातो, रिकामं असलं की १. हा थर जेमतेम १० नॅनोमीटर जाडीचा. इलेक्ट्रॉन आत ढकलायला किंवा बाहेर ओढायला २० व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो, आणि तेव्हा ते पुंजयामिकीच्या कृपेने थरातून आरपार जातात. दर खेपेला थराला थोडी इजा होते. हजारो खेपांनंतर तो गळू लागतो. (पेनड्राइव्ह लोहचुंबकाजवळ ठेवला की पुसला जातो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. इथे साठवण विद्युतभाराची असते, चुंबकत्वाची नाही.)

आता मला सगळ्यात आवडणारी गंमत. स्पर्धा परीक्षेची उत्तरपत्रिका आठवा. काळ्या पेनाने गोल भरता येतो, भरलेला गोल कोरा करता येत नाही. फ्लॅशचं अगदी तसंच आहे. लिहिताना १ चा ० करता येतो. ० चा १ करायचा तर पुसावं लागतं, आणि पुसायचं तर एकटा बिट पुसता येत नाही. नँड प्रकारच्या एका नेहमीच्या चिपमध्ये २,०४८ बाइटचं एक पान आणि अशा ६४ पानांचा एक ब्लॉक असतो. लिहायचं पानापानाने, पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक एकदम. 'फ्लॅश' हे नावही त्यावरूनच पडलं. तोशिबात फुजिओ मासुओका यांनी ही मेमरी १९८० च्या दशकात घडवली, तेव्हा एका झटक्यात होणारं हे पुसणं पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला होता.

पेनड्राइव्हमध्ये किंवा मोबाइलमध्ये हा कारभार आतला एक कंट्रोलर सांभाळतो आणि बाहेर हार्ड डिस्कचं सोंग आणतो. पण राउटर, मीटर, यंत्रांचे छोटे बोर्ड यांवर बऱ्याचदा नुसती नँड चिप डकवलेली असते. तिथे सगळा हिशोब कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, गळ्यात. लिनक्समध्ये त्यासाठी एमटीडी नावाची वेगळी यंत्रणा आहे. डिस्कला दोन क्रिया पुरतात, वाचा आणि लिहा. एमटीडीला तिसरी लागते: पुसा.

नवीन बोर्डावरची फ्लॅश कर्नलला वापरता यावी असा कोड लिहायचा म्हणजे आधी चिपची ओळख पटवायची. चिपला ९० (हेक्स, म्हणजे १६ च्या पायावरचा आकडा) ही आज्ञा पाठवली की ती आपले ओळख-बाइट सांगते. पहिला बाइट कंपनीचा. सॅमसंग असेल तर 'ईसी', तोशिबा असेल तर '९८'. मग चिपचे भाग पाडायचे: इथे बूटलोडर (कर्नलला सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम), इथे कर्नल, उरलेलं फाइलसिस्टमला. हे एका दुपारचं काम.

खरी डोकेदुखी चुकादुरुस्तीची. नँडमध्ये बिट आपोआप उलटतात, म्हणून प्रत्येक पानाला ६४ जादा बाइट जोडलेले असतात आणि त्यांत तपासणीचे संकेत ठेवतात. हॅमिंग पद्धत एक बिट दुरुस्त करते. बीसीएच पद्धत ५१२ बाइटमागे १३ बाइट खर्चून आठ बिट. माझ्या एका बोर्डावर बूटलोडर हॅमिंगने लिहीत होता आणि कर्नल बीसीएचने वाचत होता. कर्नलला प्रत्येक पान दुरुस्तीपलीकडचं दिसायचं आणि बोर्ड जागेवरच मान टाकायचा. तीन दिवस गेले. शेजारच्या टेबलावरून सल्ला आला की बोर्डाची दिशा बदलून पाहा, दक्षिणेकडे तोंड आहे. खंडेनवमीला मीही बोर्डांना हळद-कुंकू लावतो, पण त्यांना दिशा कळते असं मानायला तयार नाही. शेवटी दोन्हीकडचे जादा बाइट शेजारी-शेजारी छापून पाहिले तेव्हा उलगडा झाला. त्यात पुसलेलं पान आणखी घोळ घालतं. त्यात सगळे १, जादा बाइटही सगळे १. पण बीसीएचच्या गणिताने सगळ्या १ चा संकेत काही सगळा १ येत नाही. म्हणून संकेत ठरलेल्या बाइटांशी एक्सॉर करून (दोन बिट वेगळे असले की १, सारखे असले की ०) साठवायचा, म्हणजे कोरं पानही बरोबर ठरतं. एवढं केलं नाही तर कोऱ्या पानालाच कर्नल नापास करतो.

झिजेवर उपाय यूबीआय या थराचा. तो २००७ मध्ये कर्नलमध्ये आला. चांगली चिप एक लाख फेरे सोसते, पण दर सेकंदाला तोच ब्लॉक पुसून लिहिला तर लाख सेकंद म्हणजे जेमतेम २८ तास. हाच भार हजार ब्लॉकवर फिरवला तर तीन वर्षं निघतात. यूबीआय प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला तो आजवर किती वेळा पुसला तो आकडा लिहून ठेवतो आणि कमी झिजलेला ब्लॉक पुढे करतो.

काही ब्लॉक तर कारखान्यातूनच नासके येतात. १,०२४ पैकी २० पर्यंत खराब असले तरी अशी चिप 'चांगली' म्हणूनच विकली जाते. माझ्या टेबलावरच्या चिपमध्ये तीन आहेत. बोर्ड सुरू झाला की कर्नल त्यांचे क्रमांक कन्सोलवर छापतो, आणि एव्हाना ते मला फोन नंबरासारखे पाठ झाले आहेत.