जीवनचक्राचे शास्त्रीय चित्रण (शालेय)

प्राण्याच्या किंवा वनस्पतीच्या वाढीच्या अवस्था प्रत्यक्ष पाहून, पट्टीने मोजून आणि तारीखवार चितारून मुलांना जीवनचक्र शिकवण्याची पद्धत. पाठ्यपुस्तकातील आकृती वहीत उतरवून काढणे यात मोडत नाही. मारिया सिबिला मेरियन (१६४७–१७१७) या जर्मन चित्रकर्तीने अळ्या स्वतः पाळून त्यांची स्थित्यंतरे रंगवली आणि अंडे, अळी, कोश व फुलपाखरू ही त्यांच्या खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात दाखवण्याचा पायंडा दृढ केला. किडे चिखलातून आपोआप उपजतात, असा समज त्या काळी सर्रास होता.

मुंबईत याची सुरुवात खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीपासून करता येते. लाइम बटरफ्लाय या नावाने ओळखले जाणारे फुलपाखरू तेथील कोवळ्या पानांवर मोहरीहूनही लहान, फिकट पिवळी अंडी एकेक करून घालते. त्यातून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून मुले प्रथम तिला ओळखतच नाहीत. पुढे कात टाकत ती पानासारखी हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून लालसर दुभंगी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. अळीच्या प्रत्येक वळ्याखाली पाय काढणे ही मुलांची नेहमीची चूक. भिंगातून मोजायला सांगितले की पुढचे सहा टोकदार खरे पाय आणि मागचे दहा मांसल आधारपाय वेगळे दिसू लागतात, आणि फुलपाखराला सहाच पाय का असतात याचे उत्तर मुलाच्या स्वतःच्या चित्रातून निघते. कोशाच्या कमरेभोवतीचा रेशमी धागाही असाच, चितारायला बसल्याशिवाय नजरेत भरत नाही.

साहित्य साधे असते: पेन्सिल, भिंग, पट्टी आणि कोरी वही. चित्र मोठे काढले तरी शेजारी खऱ्या लांबीची रेघ ओढणे अनिवार्य मानावे.

छापील आकृतीतील सारख्या अंतराचे बाण काळाची फसवी कल्पना देतात. अंडे काही दिवसांत फुटते, अळी मात्र आठवडे खात राहते. तारखा घातलेल्या वहीत हा फरक आपसूक उमटतो. शिवाय फुलपाखरापासून अंड्याकडे जाणारा शेवटचा बाण पुढच्या पिढीचा आहे, हे शिक्षकाने स्पष्ट सांगावे, अन्यथा तेच फुलपाखरू पुन्हा अंडे होते असे मुले समजतात.

पावसाळ्यात बेडूकमाशांचे चित्रण डबक्याच्या काठी बसूनच करावे. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि शेवटी शेपूट विरते. घराबाहेरील निरीक्षणासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे गोरेगाव येथील शिक्षण केंद्र आणि एकेकाळच्या कचराभूमीवर वाढवलेले धारावीलगतचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान ही सोयीची ठिकाणे आहेत.

वनस्पतींसाठी ओल्या फडक्यातील मूग आठवड्याभरात मोड, मूळ व पाने दाखवतो. कारवी या आठ वर्षांनी फुलणाऱ्या रानझुडपाचे मात्र तसे नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये बहरली आणि त्यानंतर २०२४ मध्ये. फुलून बी धरल्यावर झुडूप वाळते. २०१६ मध्ये पहिलीत असलेले मूल दुसऱ्या बहराच्या वेळी नववीत पोहोचले होते, त्यामुळे कारवीची चित्रवही एका मुलाची न ठेवता शाळेची ठेवावी आणि दरवर्षी पुढच्या तुकडीकडे सोपवावी.