तडा सुरू होतो इलेक्ट्रोडच्या टोकाला

आतला कोपरा धारदार राहिला तर कास्टिंग तिथेच तडकतं, म्हणून कोल्हापूरजवळच्या शिरोलीतला पॅटर्नवाला, म्हणजे साच्याचा नमुना बनवणारा, तिथे गोलाई देतो. काही कॉमन रेल डिझेल इंजेक्टरमध्ये जो पायझो स्टॅक (व्होल्टेजने लांबणाऱ्या सिरॅमिक थरांची चळत) असतो, त्यातही असा कोपरा आहे. पण त्याला गोलाई देता येत नाही.

पीझेडटी या सिरॅमिकला व्होल्टेज दिलं की ते किंचित लांबतं. ३० मिमीच्या अखंड तुकड्याला पुरेसं विद्युतक्षेत्र द्यायचं तर ६०,००० व्होल्ट लागतील. म्हणून १०० मायक्रॉनचे ३०० थर रचून प्रत्येक दोन थरांमध्ये चांदी-पॅलेडियमचा इलेक्ट्रोड छापतात आणि सगळं एकत्र भाजतात. मग २०० व्होल्ट पुरतात. दर थर सुमारे ०.१ मायक्रॉन वाढतो, एकूण ३० मायक्रॉन.

इलेक्ट्रोड आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला जोडायचे असल्याने प्रत्येक इलेक्ट्रोड समोरच्या कडेच्या थोडा आधी थांबतो. खरी गोम इथे आहे. मधला भाग लांबतो, कडेच्या पट्टीत विद्युतक्षेत्र जवळपास नसतं, ती लांबायला तयार नसते. त्यामुळे पट्टीवर ताण येतो आणि इलेक्ट्रोडच्या टोकाशी विद्युतक्षेत्र व ताण दोन्ही एकवटतात. पीझेडटी दाब भरपूर सोसतं, ताणाला मात्र फार कच्चं. पहिला तडा अनेकदा पोलिंग करतानाच, म्हणजे सुरुवातीला जोरदार विद्युतक्षेत्र देऊन सिरॅमिक कामाला तयार करतानाच, पडतो. तो इलेक्ट्रोडला समांतर गेला तर स्टॅक बराच काळ चालतो. वळून शेजारच्या इलेक्ट्रोडला भिडला तर ठिणगी पडते आणि स्टॅक संपतो.

उपाय आहेत. इलेक्ट्रोड कडेपर्यंत नेऊन एकाआड एक कडा काचेने झाकायच्या, किंवा कडेला ताण सोडणाऱ्या खाचा ठेवायच्या. बाहेरची जोडणी ताठ पट्टीने केली तर तीही तुटते. लवचिक जाळी बरी. बसवताना स्प्रिंगने सुमारे १५ मेगापास्कल दाब द्यावा, आडवा भार मात्र अजिबात नको.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दमट हवेत स्टॅकवर सतत डीसी व्होल्टेज ठेवलं तर चांदीचे आयन सरकून दोन इलेक्ट्रोडमध्ये वाट तयार करतात. काम नसताना व्होल्टेज काढा, पण थेट शॉर्ट करू नका, रेझिस्टरमधून उतरवा. तपासणीत गळती प्रवाह वाढत असेल तर तडा किंवा चांदीची वाट समजा. कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दहा टक्क्यांनी घसरला असेल तर साधारण तीस थरांची जोडणी तुटली आहे.